तीन बोटं रुंद फळी

विमानं चालवणारी माणसं डोळे मिटून किती वेळ न पडता उभी राहतात, हे मोजायची माझी नोकरी होती. हसू नका. सरकारी शिक्क्याचं नेमणूकपत्र होतं त्याचं, आणि आमच्या सबंध गल्लीत असं पत्र आलेली मी पहिली मुलगी होते.

आमचं घर बेंगळूरच्या जुन्या पेठेतलं. पिढ्यान्‌पिढ्या शिंपीकाम. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि भांडण झालं की दोन्ही एकदम. वडील लवकर गेले तेव्हा दुकान माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, चालवायला घेतलं. मी इंटर सायन्स झाले आणि घरी बसून काजं-बटणं करायला लागले. मला त्या कामाचा मनस्वी कंटाळा. बोटांना सुया टोचून टोचून मी आईवर विनाकारण खेकसायचे. अशात ते पत्र आलं.

अण्णानं पत्र दोनदा वाचलं, कात्री खाली ठेवली आणि म्हणाला, "जा. पण तिथे सगळे पुरुष. मान खाली घालून काम करायचं. कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. एकानं जरी येऊन मला सांगितलं की तुझी बहीण पुरुषांकडे टक लावून बघते, की आयितु, नोकरी बंद."

आयितु म्हणजे झालं, संपलं. अण्णा कन्नडमध्ये बोलला की समजायचं, पुढे चर्चा नाही. मी म्हटलं, "सरी." सरी म्हणजे बरं. नोकरीसाठी मी तेव्हा कशालाही सरी म्हटलं असतं.

ही अट मी वर्षभर अगदी इमानानं पाळली. तिच्यापायी एका भल्या माणसाच्या पोटावर पाय यायची वेळ आली, तेच सांगायला बसले आहे.

साठ सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. शहराच्या पूर्वेला, धावपट्टीच्या कडेला, आमची एक लांबलचक पत्र्याची शेड होती. बाहेर व्हरांड्यात उभं राहिलं की बेळ्ळंदूरच्या तळ्याकडून वारा यायचा, आणि मध्ये नुसती नाचणीची शेतं. शेडच्या आत मात्र एकही खिडकी नाही. सगळ्या भिंती काळ्या रंगवलेल्या. कारण आत होता डबा.

डबा म्हणजे खोटं हेलिकॉप्टर. वर्कशॉपमधल्या लोकांनी डोकं लढवून तयार केलेलं. खरी खुर्ची, खरे दांडे, खरी घड्याळं, आणि समोर वाकवलेला मोठा पांढरा पडदा. एका काचेवर शेतं, झाडं, नदी असं रंगवून तिच्यामागे प्रखर दिवा लावलेला. पायलटनं दांडा हलवला की काच सरकायची आणि पडद्यावर जमीन पळायची, कलायची, अंगावर यायची. डबा स्वतः जागचा तसूभरही हलत नसे. पण आत बसलेल्याला वाटायचं आपण उडतोय. एकदा मलाही बसवलं होतं. दोनच मिनिटं. उतरल्यावर जमीन मऊ लागली आणि तोंडाला सारखं पाणी सुटत होतं.

डब्याच्या दाराशी भुसा घातलेली एक बादली असायची. ती कशासाठी हे सगळ्यांना ठाऊक, पण तिचं नाव कुणी काढत नसे. पायलट आत अर्धा तास काढायचे. कुणी घामाघूम होऊन यायचा, कुणी सारख्या जांभया देत यायचा. विचारलं तर एकच उत्तर, "काही नाही, मजेत."

मग माझं काम सुरू. शेडच्या दुसऱ्या टोकाला एक सागवानी फळी उभी बसवलेली होती, वरची कड तीन बोटं रुंद. बूट-मोजे काढून त्या कडेवर चढायचं, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला टेकवायची, छातीवर हाताची घडी घालायची. मी म्हणायचे, "मिटा." त्यांनी डोळे मिटले की मी स्टॉपवॉच दाबायचं. पाय जमिनीला लागला की पुन्हा दाबायचं. डब्यात जायच्या आधी तीनदा, आल्यावर तीनदा. पुरं एक मिनिट उभा राहिला तर पुरे, उतरा. सगळं वहीत लिहायचं.

माझी नजर एकतर घड्याळावर, नाहीतर पायांवर. मान वर नाही. मी त्या सगळ्यांना पायांवरूनच ओळखायचे. हा रुंद तळव्यांचा, हा नखं न कापणारा, ह्याच्या घोट्यावर भाजल्याचा डाग. रस्त्यात बूट घालून समोर आले असते तर एकालाही ओळखलं नसतं. मला ह्याचा अभिमान होता, बरं का. दर शनिवारी कामावरून घरी आल्यावर मी आईला सांगायचे की अजून एकाचंही तोंड मी बघितलेलं नाही. आई शेजारच्या अक्कांना सांगायची. अक्का म्हणायच्या, चांगलं वळण आहे.

वळण. आता तो शब्द ऐकला तरी माझ्या डोक्यात तिडीक जाते.

वहीतले आकडे छान होते. डब्याआधी मिनिटभर, डब्यानंतरही मिनिटभर. जुने, हजारो तास उडालेले पायलट तर भिंतीसारखे उभे. आमच्या ट्रेनिंगच्या साहेबांची छाती फुगायची. डबा ही त्यांची कल्पना. त्यांचं म्हणणं एकच, "ह्या डब्यानं कुणाला काही होत नाही. ज्याला होतं तो मुळातच कच्चा." डब्यातून उतरलेला पायलट तासाभरात खऱ्या हेलिकॉप्टरमध्ये जाऊन बसायचा, आणि त्याला परवानगी मिळायची ती माझ्या वहीतल्या आकड्यांवर.

अशात बेळगावकडचे एक पायलट आले. वयानं चाळिशीकडचे. पहिल्याच दिवशी मी "मिटा" म्हटलं तर वरून मराठीत आवाज आला, "मिटले, अक्का." मी दचकले. त्या शेडमध्ये मराठी ऐकायची सवयच नव्हती. वयानं मी त्यांच्यापेक्षा कितीतरी लहान, पण ते मला अक्काच म्हणायचे. त्यांच्या डाव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट वाकडं होतं. एवढीच माझी त्यांची ओळख.

डब्याआधी ते कधी मिनिटभर, कधी थोडं कमी उभे राहिले. डब्यातून आले ते भिंतीला धरत. फळीवर चढले, मी "मिटा" म्हटलं आणि चार सेकंदांत पाय खाली. पुन्हा चढले, पाच. तिसऱ्यांदा तर चढताचढताच पडले.

मागे बाकावर बसलेले बाकीचे हसले. ट्रेनिंगच्या साहेबांनी विचारलं, "काय होतंय?"

"गरगरतंय," ते म्हणाले. सरळ, आढेवेढे न घेता. असं म्हणणारा तो पहिला माणूस.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. फळीवर चढायच्या आधी हळूच मला म्हणाले, "अक्का, त्या दिवशी संध्याकाळी सायकलवर बसलो आणि रस्ता सगळा डावीकडे कलला. उतरून चालत घरी गेलो. जेवताना ताट घसरतंय असं वाटत होतं. बायको म्हणाली, प्यायलात का. मी थेंबाला शिवत नाही." मी मान हलवली आणि घड्याळ हातात घेतलं. कामापुरतंच बोलायचं हे पक्कं डोक्यात बसलेलं.

त्या दिवशी ते सहा सेकंदांच्या वर गेले नाहीत. ट्रेनिंगचे साहेब माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "शेऱ्यात लिहा. चेहरा घाबरलेला." मी लिहिलं. खाली सही केली. त्यांनी तो कागद वहीतून फाडून त्यांच्या फाइलीत लावला आणि कळवून टाकलं की ह्या माणसाची तब्येत, म्हणजे मन, उडायला लायक नाही. पंधरा दिवसांनी मेडिकल बोर्ड बसणार होतं. बोर्डानं मान डोलावली की त्यांचं उडणं कायमचं बंद.

निरोप मिळाला तेव्हा ते व्हरांड्यात बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. बराच वेळ बांधत होते. मग म्हणाले, "मला दुसरं काही येत नाही हो, अक्का." मी खाली बघून तिथून निघून गेले.

आता वीज जाण्याची गोष्ट. आमच्याकडे वीज केव्हाही जायची, त्यात नवल काही नाही. त्या निरोपानंतर तीनेक दिवसांनी, भर सकाळी, एक जुना पायलट फळीवर उभा होता. रुंद तळव्यांचा तो. डब्यातून आलेला, डोळे मिटलेला, पंचवीस-तीस सेकंद झालेले, पाय अगदी घट्ट. एकदम वीज गेली. खिडकी नाही, सगळं काळंकुट्ट. आणि लगेच धप्प असा आवाज आला.

दिवे आले तेव्हा तो जमिनीवर बसून गुडघा चोळत हसत होता. "अंधारात कुणाला उभं राहता येतं का?" म्हणाला. सगळे हसले. मीसुद्धा हसले.

हसू घरी जाताना बसमध्ये मावळलं. खिडकीशी बसले होते, तिकीट हातात होतं, आणि एकदम डोक्यात आलं: डोळे मिटलेल्या माणसाला अंधाराचं काय? दिवा गेला तरी त्याला कळणार कसा?

माझा उतरायचा थांबा निघून गेला. दोन थांबे मागे चालत आले. आईनं विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, स्वल्प डोकं दुखतंय.

दुसऱ्या दिवशी पहिला पायलट फळीवर चढला. मी "मिटा" म्हटलं, घड्याळ दाबलं, आणि मान वर केली. वर्षभरात पहिल्यांदा. माझे कान इतके तापले होते की लाज वाटत होती. पापण्या खाली होत्या, पण पुऱ्या नाही. मधून बारीक फट, आणि फटीतून बुबुळ भिंतीवर खिळलेलं. मी वळून बघितलं. भिंतीवर आगीच्या बंदोबस्ताची वाळूची लाल बादली टांगलेली होती. तो तिच्याकडे बघत उभा होता. एक गोष्ट नजरेत पक्की धरली की माणूस पडत नाही.

दुसरा आला. तोही बादलीकडे. तिसरा, चौथा. जितका मुरलेला तितकी फट सफाईदार. नव्या पोरांना तर जुन्यांनी शिकवून ठेवलेलं असणार. आणि त्यांना शिकवायला भीती कसली? समोरची बाई मान वर करतच नाही हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या चांगल्या वळणावर त्यांचा पूर्ण भरवसा होता.

मला आधी त्यांचा राग आला. मग स्वतःचा आला, आणि तो जास्त होता. वर्षभर मी पाय मोजले. डोळे मिटून उभं राहायची परीक्षा, आणि डोळे मिटलेत का हे मी एकदाही बघितलं नाही. अख्ख्या वहीत एकच माणूस खरा होता, आणि त्याचा चेहरा घाबरलेला आहे असं मी लिहून दिलं होतं. तो चेहरा न बघता.

मी तडक डॉक्टरसाहेबांकडे गेले. शेडचा कारभार त्यांच्याकडे होता. माणूस भला, पण भांडणाला भिणारा. मी सगळं सांगितलं. वीज, धप्प आवाज, लाल बादली. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे वर्षभराची वही?"

"रद्दी."

"चूक कुणाची?"

"माझी," मी म्हटलं. "आणि फटीतून बघणाऱ्यांची. पण आधी माझी."

त्यांनी ट्रेनिंगच्या साहेबांना बोलावलं. त्यांच्या रागाचा पारा असा चढला की विचारू नका. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांना पहिला प्रश्न काय सुचला? "तुम्ही पुरुषांच्या तोंडाकडे बघत उभ्या राहता?"

एरवी मी रडले असते. त्या दिवशी रडू आलंच नाही. मी म्हटलं, "बघते. आजपासून रोज बघणार. आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून पुन्हा परीक्षा घेणार. तुमची माणसं उभी राहिली तर मी राजीनामा देते."

राजीनामा शब्द ऐकून साहेब एकदम खूश झाले. "एक सकाळ," म्हणाले. "परवा." डॉक्टरसाहेबांनी मान डोलावली.

बोलून तर बसले, पण पट्ट्या आणणार कुठून? शिंप्याच्या घरी जन्मलेल्या मुलीला हा प्रश्न पडायला नको होता. पण अण्णाला सांगायचं म्हणजे मान वर केली हे सांगायचं.

संध्याकाळी दुकानात गेले. अण्णा कुणाच्या तरी कोटाला अस्तर लावत होता. मी समोर उभी राहिले आणि सगळं एका दमात सांगितलं. बेळगावचे पायलट, फाडून नेलेला कागद, बादली, आणि मी चौघांच्या डोळ्यांत बघितलं तेही. म्हटलं, "तुझी अट मोडली. मला ती अट नको होती, अण्णा. तुझ्या अटीनं मी माझं काम चोख केल्यासारखं दाखवलं आणि केलं मात्र नाही."

 अण्णानं सुई अस्तरात टोचून ठेवली. उठला, फळीवरून काळ्या कापडाचा गठ्ठा काढला, उजेडासमोर धरून बघितला आणि बाजूला टाकला. दुसरा काढला. तो डोळ्याला लावून दिव्याकडे बघितलं.

"ह्यातून दिसतं," म्हणाला. "दुहेरी घ्यावं लागेल, मध्ये कापूस. किती पाहिजेत?"

"बारा."

"नाडी लावू की इलॅस्टिक?"

मला तिथे, त्या दुकानात, रडू आलं. अण्णा म्हणाला, "आता बेड ते रडणं. काजं कर चल." बेड म्हणजे नको. त्या रात्री जेवायच्या आत आम्ही दोघांनी मिळून बारा पट्ट्या शिवल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला काजं करायचा कंटाळा आला नाही.

परवा उजाडला. डब्यात जायच्या आधी सगळ्यांना पट्ट्या बांधून फळीवर चढवलं. बहुतेक सगळे उभे राहिले, काही मिनिटभर, काही थोडे कमी. साहेब बाकावर पाय पसरून बसले होते.

मग एकेक जण अर्धा तास डब्यात जाऊन आला. पहिला फळीवर चढला. सात सेकंद. दुसरा पाच. रुंद तळव्यांचा तो फळीवर चढून हात पसरूनच उभा राहिला, मी म्हटलं हाताची घडी, तसा घडी घालताच कोसळला. गंमत अशी की नवी पोरं त्यातल्या त्यात बरी टिकली. जितके जास्त तास उडालेला, तितका लवकर खाली. दुपारपर्यंत बाकावर हसायला कुणी उरलं नव्हतं. दोघांनी भुशाच्या बादलीचा उपयोग उघडपणे केला.

साहेब उठले. "हे सगळं मनाचं आहे. मला बांधा." अर्धा तास डब्यात बसून आले, बूट काढले, चढले. मी पट्टी बांधली. तीन सेकंदांत ते माझ्या अंगावर आले आणि पडू नये म्हणून माझा खांदा घट्ट धरला. सगळ्यांच्या समोर. पट्टी काढली तरी खांदा सोडायला त्यांना स्वल्प वेळ लागला. त्या संध्याकाळी त्यांनी आपली गाडी स्वतः चालवली नाही. ड्रायव्हरला बोलावून घेतलं.

बेळगावकडचे त्या दिवशी व्हरांड्यातच होते. त्यांना परीक्षेला मनाई होती. त्यांनी मला समजावून सांगितलं, "खरं हेलिकॉप्टर कललं की आधी बसायच्या जागेला कळतं, मग डोळ्यांना. वर्षानुवर्षं अंगाला तीच सवय. ह्या डब्यात डोळे म्हणतात कललं आणि खुर्ची म्हणते छे, कुठे काय. नव्या पोरांना खुर्चीचं बोलणं अजून ऐकूच येत नाही. म्हणून ती बरी."

मी विचारलं, "बाकीचे फटीतून बघतात हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"ते सगळे पोटासाठी बघत होते, अक्का. त्यांचं काय सांगायचं? आणि तुम्ही मिटा म्हणालात. मी मिटले."

आता सगळं सुरळीत होईल असं मला वाटलं होतं. कसलं काय. दुसऱ्या दिवशी दोघे साहेब एकत्र बसले आणि मला बोलावलं. डब्यातून उतरलेल्या माणसानं त्या दिवशी उडायचं नाही, गाडी चालवायची नाही, असा नवा नियम ते करणार होते. त्यात मला काही म्हणायचं नव्हतं. पण जुन्या वहीचं काय? ती राहिली तर अख्ख्या तुकडीनं वर्षभर फसवलं हे उघड होणार. तेव्हा वहीला वाळवी लागली असं लिहायचं. त्यात माझीही चूक झाकली जाणार. डॉक्टरसाहेब हळूच म्हणाले, "सगळ्यांचंच भलं आहे ग."

"आणि बेळगावच्या साहेबांच्या फाइलीतला कागद?" मी विचारलं. "त्यालाही वाळवी लागणार का?"

 तो कागद बोर्डाकडे गेलेला होता. त्यावर माझी सही होती. बोर्ड बघून घेईल, असं साहेब म्हणाले.

मी वही छातीशी धरली आणि घरी घेऊन गेले. नियमाविरुद्ध होतं. उशाखाली घालून झोपले.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. मला लेखी ताकीद मिळाली आणि एक पगारवाढ बुडाली. नोकरी राहिली. लाल बादली शेडबाहेर गेली, अण्णाच्या पट्ट्या सतत धुऊन विरल्या, त्यानं नव्या शिवल्या. पेठेतल्या एका सद्गृहस्थांनी दुकानात येऊन अण्णाला खरोखरच सांगितलं की तुझी बहीण तिकडे पुरुषांच्या तोंडाकडे टक लावून बघते म्हणे. अण्णा मान वर न करता म्हणाला, "तिला त्याचाच पगार मिळतो." आणि त्यांच्या सदऱ्याचं माप घ्यायला लागला.

बोर्डाच्या दिवशी मला कुणी बोलावलं नव्हतं. मीच गेले, एका हातात वही, दुसऱ्या हातात पिशवीत पट्ट्या. टेबलामागे तीन मोठे अधिकारी, बाजूला आमचे दोघे साहेब, आणि समोर बेळगावकडचे उभे. मी मान खाली घालून आत गेले. जुनी सवय.

मी म्हटलं, "ह्या फाइलीतला शेरा माझा आहे. तो खोटा आहे."

मधल्या अधिकाऱ्यांनी कागद उचलला. "चेहरा घाबरलेला. तुम्ही चेहरा बघितला होता का?"

"नाही."

"मग लिहिलंत कसं?"

"सांगितलं म्हणून. सांगणारे इथेच बसलेत. पण अक्षर माझं आहे." मग मी वही उघडून टेबलावर ठेवली आणि वर्षभराची सगळी हकिगत सांगितली. माझ्या खाली मानेची सुद्धा. 

ते म्हणाले, "ह्यात तुमची नोकरी जाऊ शकते, कळतंय का?"

"जाऊ दे. शिंप्याच्या घरची आहे, सुई धरता येते. पण ह्या साहेबांना दुसरं काही येत नाही."

कुणीतरी हसू दाबलं. मधले अधिकारी उठले आणि म्हणाले, परीक्षा इथेच घ्या, आमच्यासमोर. शेडमधून फळी आणवली. बेळगावकडचे जवळजवळ पंधरा दिवस डब्यात बसलेले नव्हते. त्यांनी बूट काढले. वाकडं बोट दिसलं. ते फळीवर चढले, टाच अंगठ्याला लावली, हाताची घडी घातली.

डॉक्टरसाहेबांनी पट्टी पुढे केली. मी म्हटलं, "नको. ह्यांना नको."

मग मी मान वर केली, म्हटलं, "मिटा," आणि घड्याळ दाबलं.

पूर्ण एक मिनिट मी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत होते, पाच पुरुषांच्या देखत. कपाळावर देवीचे दोन व्रण. एका भुवईत पांढरे केस. दाढी करताना हनुवटीवर कापलेलं. नाकपुड्या शांत. पापण्या टेकलेल्या, त्यांच्यामध्ये धागासुद्धा जाणार नाही इतक्या. मिनिट झालं तेव्हा मी घड्याळ दाबलं, पण "उतरा" म्हणायचं राहून गेलं, आणि ते तसेच उभे राहिले.

शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू, असं ह्या खेपेला मी कुणालाच विचारलं नाही. लिहिलं: डोळे पूर्ण मिटलेले. चेहरा मी स्वतः पाहिला.